खडूबाईंचा गाळा

खडूबाई चिडल्या की कानामागचा खडू काढून हातात घेतात, आणि सगळं बोलून झालं की परत कानामागे खोचतात. शिवणकामाचा चपटा निळा खडू. त्याच्यामुळेच त्यांना हे नाव पडलं, आणि आता खरं नाव विचारलं तर गल्लीतल्या माणसांना डोकं खाजवावं लागतं. झंपरचा गळा बिघडला म्हणून तक्रार घेऊन येणारी माणसं आधी खडू कुठे आहे ते बघतात. कानामागे असेल तर तक्रार सांगतात, हातात असेल तर नुसती प्रकृतीची चौकशी करून परत जातात.

ऐन उमेदीची वर्षं त्यांनी तयार कपड्यांच्या कारखान्यात काढली. लांबलचक टेबलावर कापडाचे थर पसरायचे, खडूने आखायचे आणि कापायचे, हे काम त्या उभ्यानं करत. मग पाठीच्या कण्यात काहीतरी बिनसलं आणि पायांनी कसलीही पूर्वसूचना न देता राजीनामा दिला. कारखान्याने भरपूर सहानुभूती दाखवली. सगळे भेटायला आले, मालकही येऊन गेले. टेबल थोडं खाली करून घ्यावं, हे मात्र त्या सहानुभूतीत कुणाला सुचलं नाही. खडूबाईंनी सुचवलं तेव्हा मालक म्हणाले, "आता आराम करा हो तुम्ही." आराम म्हणजे घरी बसा, हे कळायला त्यांना दोन वाक्यं लागली नाहीत.

तेव्हापासून त्या धाकट्या भावाच्या बाहेरच्या खोलीत शिवतात. पाय लागू नयेत म्हणून हाताने फिरवायचं मशीन घेतलं. ते एका बाजूला टीव्ही आणि दुसऱ्या बाजूला वाळत घातलेले कपडे यांच्या मधोमध असतं. भाऊ जीव लावणारा, वहिनी शहाणी, तिथे काही खोट नाही. खोट गिऱ्हाइकांत. घरी शिवणाऱ्या बाईचं काम म्हणजे फावल्या वेळचा छंद अशी त्यांची पक्की समजूत असते. त्यात ती बाई चाकाच्या खुर्चीत बसलेली असली, की आपण कपडे टाकतो हे तिच्यावर उपकारच. एक शेजारीण तर दर वेळी म्हणायची, "तेवढाच तुमचा वेळ जातो." खडूबाईंनी एकदा तिचा ब्लाउज जाणूनबुजून उशिरा दिला आणि सांगितलं, "वेळ जात नव्हता ना, म्हणून पुरवून पुरवून शिवला." शेजारीण हसली. तिला टोमणा कळला नाही, आणि खडूबाईंचा तो दिवस फुकट गेला.

त्यांना हवं होतं ते एवढंच: स्वतःचं शटर असलेली एक जागा. सकाळी उघडायचं, संध्याकाळी बंद करायचं, आणि मधल्या वेळात येणाऱ्याने 'दुकानात' आलो असं समजून बोलायचं.

शहराच्या मधोमध जुनी मंडई आहे. उंच लोखंडी खांब, काचेचं छत, दर्शनी दारावर घड्याळ. पडायला आली होती, तेव्हा कुणीतरी तिला ऐतिहासिक ठरवलं आणि मग तिच्याकडे बघायला सगळ्यांना वेळ झाला. दुरुस्ती संपत आली तसे गाळे वाटायला काढले. अपंगांसाठी एक गाळा राखीव होता. तो खडूबाईंना मिळाला. भावाने बातमी आणली तेव्हा त्यांनी आधी खडू हातात घेतला, कारण भावाची थट्टा करायची सवय त्यांना माहीत होती. बातमी खरी निघाल्यावर त्या वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून चक्क रडल्या.

मंडईचा एक जुना दंडक होता. गाळा ज्याच्या नावाचा, त्याने पहिल्या दिवशी दुपारी बाराची घंटा व्हायच्या आत स्वतःच्या हाताने शटर उघडायचं. नाही उघडलं, तर गाळा यादीतल्या पुढच्या माणसाला. दंडक वाईट नव्हता. एकाच्या नावावर गाळा घेऊन दुसऱ्याला भाड्याने देणारे पूर्वी फार झाले होते. यादीतला पुढचा माणूस हा मंडईच्या व्यवस्थापकसाहेबांचा मेहुणा होता, हा निव्वळ योगायोग. तो मोबाइलची कव्हरं विकतो. उद्घाटनाच्या दिवशी सकाळपासून तो खडूबाईंच्या बंद गाळ्यासमोर स्टूल टाकून बसला होता आणि मधूनमधून टेपने शटरची रुंदी मोजत होता, हाही योगायोगच म्हणायचा.

त्या सकाळी खडूबाई मशीन मांडीवर घेऊन निघाल्या. भाऊ म्हणाला, "ताई, दे माझ्याकडे, मी धरतो."

"तू मागच्या महिन्यात काय धरलं होतंस?"

"बरणी."

"आणि ती कुठे आहे?"

भावाने मुकाट्याने खुर्ची ढकलायला घेतली.

मंडईच्या दर्शनी दाराला दगडी पायऱ्या आहेत. त्यांच्या शेजारी नवा कोरा उतार बांधला होता. त्याला स्टीलचा कठडा होता, पायथ्याशी रंगीत फीत होती आणि 'मंडई सर्वांसाठी' असा फलक होता. व्यवस्थापकसाहेब कोटाला बिल्ला लावून तयारच होते. त्यांनी खडूबाईंना बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलून आला. फोटोग्राफर होता, कठडा होता, फीत होती. एका चाकाच्या खुर्चीवाचून सगळं अडलं होतं.

फीत खडूबाईंच्याच हातून कापायची ठरली. समारंभाची कात्री बोथट निघाली. खडूबाईंनी पिशवीतून स्वतःची काढली आणि एका झटक्यात फीत कापली. टाळ्या झाल्या. साहेबांनी खुर्चीच्या मुठीवर हात ठेवून फोटो काढून घेतला, मग कठड्यावर हात ठेवून काढला, मग आकाशाकडे बघत काढला. भावाने खुर्ची उतारावरून वर नेली. उतार झकास होता, चाक कुठे अडलं नाही.

वर दार होतं, आणि दारात उभे ओतीव लोखंडी खांब होते. माणसाएवढ्या उंचीचे, वर कमळ कोरलेले. मंडई बांधली त्या काळी रस्त्यावरून मोकाट जनावरं फिरत आणि भाजीत तोंड घालत. म्हणून खांब अशा अंतरावर बसवले होते की माणूस आत जाईल आणि बैल अडेल. हिशेब अचूक होता. इतक्या वर्षांनीही माणसं आत गेली, आणि खडूबाईंची खुर्ची बैलात जमा होऊन बाहेर राहिली. साहेबांसकट सगळी मंडळी त्या फटींतून आत सटकली. पोट सुटलेले होते ते आडवे होऊन सटकले.

"साहेब!" खडूबाईंनी हाक मारली. "मी कुठून येऊ?"

साहेब खांबांच्या पलीकडून वळले. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं. "तुम्ही? तुम्हाला आत यायचंय?"

"गाळा आत आहे ना?"

"गाळा आत आहे, पण... म्हणजे आम्ही असं धरून चाललो होतो की गाळा तुमच्या नावावर, बघणार तुमचे बंधू." साहेबांनी भावाकडे बघितलं. भावाने दुसरीकडे बघितलं.

"मग हा उतार कशाला केलात?"

"उतार मंजूर झाला होता," साहेब म्हणाले. "खांबांना हात लावता येत नाही. ते मूळचे आहेत."

"मीसुद्धा मूळचीच आहे. कुणी बदलून दिली नाही मला."

फोटोग्राफर हसला. साहेबांनी त्याच्याकडे बघितल्यावर त्याने हसणं आवरलं. साहेबांचा जीव मात्र वाईट नव्हता. त्यांनी लगेच उपाय काढला. "चार माणसं बोलावतो. तुम्हाला उचलून आत नेतील, खुर्ची वरून काढतील. चुटकीसरशी."

भावानेही बाह्या सरसावल्या. "ताई, खरंच गं. एका मिनिटाचं काम."

खडूबाईंच्या हातात खडू आला. उचलणं म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. एकदा बँकेच्या पायऱ्यांवरून त्यांना असंच चार भल्या माणसांनी उचललं होतं. भली माणसं उचलताना आपसात बोलत होती. "जरा तुझ्याकडे घे, इकडे जड येतंय." जड येतंय! कपाट नेताना माणसं असंच बोलतात. वर नेऊन त्यांना भिंतीला तोंड करून ठेवलं, आणि त्यांना काही विचारायचं राहून गेलं, कारण सगळे आपापला घाम पुसत होते. त्या दिवशी घरी येऊन त्यांना जेवण गेलं नव्हतं. आज तर पहिलाच दिवस होता. उचलून आणलेली बाई दुकानदार कशी दिसणार? रोज सकाळी उचलायचं, रोज संध्याकाळी उतरवायचं, आणि शेजारचे गाळेवाले म्हणणार, बिचारी. बिचारीकडे कोण कोट शिवायला टाकतो?

"मला कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "दुसरं दार असेल ना?"

"मागे मालाचं दार आहे," साहेब म्हणाले. "पण ते मालाचं आहे."

वर घड्याळात अकरा कधीच वाजून गेले होते. भावाने खुर्ची फिरवली आणि मंडईला वळसा घातला. मागचा रस्ता समारंभाला दाखवण्यासारखा नव्हता. भिजलेली पोती होती, केळीचे दांडे होते, आणि एकामागून एक हातगाड्या लागल्या होत्या. पण दार! दार असं रुंद होतं की दोन गाड्या शेजारून गेल्या असत्या. उंबरा नव्हता, पायरी नव्हती, खांब नव्हते. जमिनीला सपाट लोखंडी वजनकाटा बसवला होता, गाडी त्याच्यावरून थेट आत जाई. बटाट्यांचा विचार मंडईने फार पूर्वीपासून मनापासून केलेला होता.

काट्याशेजारच्या खोक्यात काटेवाला बसला होता. त्याच्या डोक्यावर पाटी होती: या दाराने फक्त माल, गाडी आणि गाडीमागे एक हमाल. काटेवाला त्या पाटीखाली म्हातारा झाला होता आणि पाटीबाहेरचं जग त्याला पसंत नव्हतं.

"थांबा," तो म्हणाला. "तुम्हाला इथून जाता येणार नाही, बाई. तुम्ही माणूस आहात."

"चला, आज सकाळपासून पहिल्यांदाच कुणी म्हणालं," खडूबाई म्हणाल्या. "पुढच्या दाराला तुमचा निरोप कळवा."

"माणसांनी पुढून जायचं. नियम आहे."

"पुढे जनावरांसाठी खांब आहेत, इथे माणसांना बंदी आहे. मी नक्की कोण ते तुम्ही मंडईवाल्यांनी एकदा बसून ठरवा. मी थांबते. घंटा मात्र थांबवा."

काटेवाला विचारात पडला. तो दुष्ट नव्हता. त्याला खडूबाईंना अडवण्यात आनंद नव्हता, नियम मोडण्यात मात्र दुःख होतं. भाऊ हात जोडून म्हणाला, "काका, सोडा ना. माझी ताई आहे. कुणी बघत नाहीये."

"मी बघतोय ना!" काटेवाला दुखावून म्हणाला. "माल असला तर सोडेन. मालाशिवाय इथून पंतप्रधान आले तरी जाणार नाहीत."

"मग हे काय आहे?" खडूबाई कडाडल्या आणि त्यांनी मांडीवरच्या मशीनवर थाप मारली. त्या रागाने बोलत होत्या, पुढचं काही ठरवलेलं नव्हतं. "हे काय मी हवा खायला आणलंय? हा माल नाही?"

काटेवाल्याने चष्मा वर केला. "मशीन? मशीन माल आहे."

"आणि ही चाकं? ही गाडी नाही?"

"गाडी... म्हणायला हरकत नाही."

खडूबाई थांबल्या. आपण काय बोलून बसलो ते त्यांना तेव्हा उमगलं. त्यांनी खडू सावकाश कानामागे खोचला. "आणि गाडी ढकलणारी मी. माझे हात बघा. हा भाऊ नुसता हौसेने मागे लागलाय. माल, गाडी, हमाल. काय कमी आहे?"

काटेवाल्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. बाई नियमात बसत होती! त्याने पाटीकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, परत पाटीकडे बघितलं. मग त्याने खोक्यातल्या खिळ्यावरचा हमालाचा पितळी बिल्ला काढून पदराला लावायला दिला, आणि एकदम सरकारी आवाजात म्हणाला, "मालाचं वजन करावं लागेल. नुसत्या मालाचं."

भावाने मशीन उचलून काट्यावर ठेवलं. तेवढ्या वेळात खडूबाईंनी त्याला बरणीची तीनदा आठवण करून दिली. मशीन परत मांडीवर आलं. काटेवाल्याने चिठ्ठी फाडली आणि भावाच्या छातीवर हात ठेवला.

"तुम्ही नाही. एका गाडीमागे एकच हमाल."

"पण मी तिचा भाऊ आहे!"

"मग पुढून जा. माणसांचं दार तिकडे आहे."

खडूबाई एकट्याच आत शिरल्या. त्यांनी दोन्ही हातांनी चाकं रेटली. लादी नवी, गुळगुळीत. वर काचेतून ऊन उतरलं होतं आणि हिरव्या रंगाच्या खांबांवर पसरलं होतं. इतकी वर्षं त्यांनी ही मंडई रस्त्यावर बसून बघितली होती. आत जाऊन कुणीतरी अस्तर आणून द्यायचं, त्याचा रंग चुकीचा निघायचा, आणि वर आभार मानायचे. आता डावीउजवीकडे दोऱ्याच्या रिळांची, बटणांची, कापडाची दुकानं उघडत होती आणि त्या स्वतः त्यांच्या मधून चालल्या होत्या. मागून कांद्याची गाडी आली. गाडीवाल्याने त्यांचा बिल्ला बघितला आणि खेकसला, "ए, मधेच काय थांबलीस? बाजू दे की!"

खडूबाईंनी घाईघाईने बाजू दिली. त्यांना इतका आनंद झाला की हसू आवरेना. किती वर्षांत कुणी त्यांच्यावर असं मनमोकळं ओरडलं नव्हतं! सगळे आपले 'सावकाश हं' आणि 'अरेरे' करत.

गाळ्यासमोर पोचल्या तेव्हा मेहुण्याने टेप गुंडाळून खिशात टाकली होती आणि तो समाधानाने घड्याळ बघत होता. खुर्ची दिसल्यावर त्याचं तोंड उघडं राहिलं. साहेब लगबगीने आले, मागे फोटोग्राफर. भाऊ खांबांतून सटकून धावत येत होता. वर घंटेच्या मजल्याकडे घंटावाला जिना चढताना दिसत होता.

शटरचं कुलूप जमिनीशी. शटरवाल्यांनीही जगात सगळे उभेच असतात असं धरलेलं. खडूबाईंनी मशीन स्टुलावर ठेवलं. मेहुण्याला आधी उठावं लागलं. मग खुर्ची आडवी लावली, चाकांना खुंटी घातली आणि एका हाताने खुर्चीचा दांडा धरून दुसरा हात खाली नेला. कुलूप नवं होतं, किल्ली फिरायला तयार नव्हती. त्यांचा घाम नाकावरून लादीवर टपकला. भीती वाटत होती, फार वाटत होती. आता इथे हात घसरला तर परत ती बाहेरची खोली, तो टीव्ही, ते वाळत घातलेले टॉवेल.

भाऊ पुढे झाला. "ताई, मी नुसतं..."

"हात मागे!"

किल्ली फिरली. त्यांनी शटरची मूठ धरून वर खेचली. शटर करकरत गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. मग त्यांनी खालून दोन्ही तळवे लावले आणि हात पुरतील तिथपर्यंत रेटलं. हात पूर्ण ताठ झाले. शटर उभ्या माणसाच्या छातीच्या थोडं वर येऊन थांबलं, आणि वर घंटा घणघणली.

"झालं!" भाऊ ओरडला.

"झालं कसं?" मेहुणा म्हणाला. "पूर्ण कुठे उघडलंय? अर्धंच आहे."

सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेबांनी दंडक आठवून पाहिला. स्वतःच्या हाताने, घंटेच्या आत. किती उघडायचं ते कुणी कधी लिहून ठेवलं नव्हतं, कारण आजवर कुणाला त्याची गरजच पडली नव्हती. ते मेहुण्याला म्हणाले, "उघडलंय." आणि त्या क्षणी ते खडूबाईंना पहिल्यांदाच साहेब वाटले.

खडूबाईंनी चाकांच्या खुंट्या काढल्या आणि मशीन मांडीवर घेऊन शटरखालून आत गेल्या. त्यांच्या डोक्यावर वीतभर मोकळी जागा उरली. आतला गाळा रिकामा, चुन्याचा वास येणारा. त्यांनी एक गिरकी घेतली आणि मग दुसरी, उगाचच.

ताब्याचा कागद गाळ्याच्या आत द्यायचा असतो. साहेब कागद घेऊन शटरशी आले आणि थांबले. शटर त्यांच्या गळ्याशी लागत होतं. त्यांनी भावाला खूण केली. भावाने शटरला हात घातला.

"राहू दे," आतून आवाज आला. "माझं शटर एवढंच उघडतं. रोज एवढंच उघडणार."

"अहो, पण लोकांनी यायचं कसं?"

"या ना. जरा वाकून."

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला होता. साहेबांनी कोटाचा बिल्ला सांभाळला, ते गुडघ्यात वाकले, मान खाली घातली आणि कुल्ले आधी की डोकं आधी अशा पेचात तिरके होत कसेबसे आत आले. सरळ होऊन त्यांनी धाप टाकली आणि टेकायला काहीतरी मिळतंय का ते चारही भिंतींकडे बघितलं. गाळ्यात काहीच नव्हतं.

"इथे बसायची सोय नाही का?" त्यांनी विचारलं.

खडूबाईंनी त्यांच्या हातातून कागद घेतला, मांडीवर सरळ केला आणि सही केली.

"इथे खुर्ची ज्याची त्याने आणायची असते, साहेब," त्या म्हणाल्या.